खोड सांगून विकलेला बैल : मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि सभासद यांस,



मराठी पवित्र शास्त्रात गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले आहेत आणि त्यांतील सहावा गुण ‘चांगुलपणा’ हा आहे. ज्या ग्रीक शब्दाचे हे भाषांतर आहे तो ‘आगाथोसुने’ हा शब्द नव्या करारात केवळ चार ठिकाणी येतो आणि ती चारही ठिकाणे पौलाच्या पत्रांतलीच आहेत. त्याच्या लगेच आधीचा गुण, ज्याला मराठीत ‘ममता’ म्हटले आहे, तो स्वभावातला मऊपणा दाखवतो. चांगुलपणात त्या मऊपणाबरोबर ताठ कणाही असतो, म्हणजे दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून प्रसंगी कडू बोलण्याची, पदरचे नुकसान सोसण्याची आणि वाईटपणा घेण्याचीही त्यात तयारी असते, असा भेद जुन्या भाष्यकारांपासून केला जात आला आहे.

मराठी बोलीने या बाबतीत एक मोलाची खूण जपून ठेवली आहे. दोघांच्या भांडणात जो दोघांनाही गोड बोलतो आणि कोणाच्याच मनातून उतरत नाही, त्याने ‘चांगुलपणा घेतला’ असे लोक म्हणतात. उलट जो खरे ते सांगून दोघांचीही नाराजी ओढवून घेतो, त्याने ‘वाईटपणा घेतला’ असे म्हणतात. शास्त्राला अभिप्रेत असलेला चांगुलपणा बहुतेक वेळा या दुसऱ्या माणसाकडे सापडतो, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेतूनच कळण्यासारखी आहे. मंडळीत चांगुलपणावर प्रवचने पुष्कळ होतात, पण तो कोणत्या व्यवहारात, कोणासमोर आणि किती रुपयांची झळ सोसून आचरायचा हे व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते, आणि त्याच कारणाने हे पत्र आपणांस उद्देशून लिहिले आहे.

बीड तालुक्यातील नेकनूर हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वारकरी संप्रदायात ते बंकटस्वामी महाराजांमुळे ओळखले जाते आणि शेतकऱ्यांत ते आठवडी बाजारामुळे, त्यातही जनावरांच्या बाजारामुळे ओळखले जाते. हा बाजार रविवारी भरतो. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती अतिशय थोडी आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार होते, आणि त्यांतील मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या बाजूंना आहे. त्यामुळे बीडच्या बाजूच्या ख्रिस्ती माणसाचा चांगुलपणा त्याच्या मंडळीतले चार लोक पाहतील त्याहून कितीतरी अधिक डोळ्यांना बाजारात दिसतो, आणि तो दिसण्याचा वार हा नेमका त्याच्या उपासनेचाच वार असतो.

जनावरांच्या बाजारातला व्यवहार जवळून पाहिला, तर चांगुलपणा म्हणजे काय हे ग्रीक शब्दकोशापेक्षा लवकर समजते. बैल पाहायला आलेला माणूस आधी त्याचा जबडा उघडून दात मोजतो, कारण आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला अशा क्रमाने जनावराचे वय ठरते आणि वयावर भाव ठरतो. मग तो मानेवर, जू बसते त्या जागी हात फिरवून खांदा आलेला आहे का ते बघतो, आणि जनावर दहा-वीस पावले चालवून पाय कसा टाकते ते पारखतो. त्यानंतर विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल, रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात आणि किती बोटे दाबली यावरून आकडा पुढे-मागे सरकतो, जेणेकरून भोवती उभ्या असलेल्यांना सौदा कितीचा झाला हे कळू नये. इसार दिला की गोष्ट पक्की होते. परंतु हात फिरवून कळत नाही अशीही एक बाजू असते: बैल मारका आहे का, औताला जुंपल्यावर मधेच बसणारा, म्हणजे बशा आहे का, दुपारच्या उन्हात धापा टाकतो का, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. शिंगे साळून, रंगवून आणि तेल चोपडून आणलेल्या जनावराची ही खोड पुढच्या पेरणीच्या दिवशी घेणाऱ्याच्या शेतात उघडी पडते, आणि तेव्हा बाजार उठून गेलेला असतो.

खोड आपण होऊन सांगावी असा बाजाराचा नियम नाही. ‘पाहून घ्या, पारखून घ्या’ हाच तेथला धर्म आहे आणि त्यात फसवणूक झाली असे कोणी सहसा म्हणत नाही. म्हणूनच जो विकणारा रुमालाखाली बोटे धरण्याआधी ‘हा बैल दुपारी बसतो’ एवढे चार शब्द बोलतो, तो त्या चार शब्दांसाठी काही हजार रुपये मोजतो, शिवाय घरी परतल्यावर ‘कशाला सांगायला गेलात’ हा वाईटपणाही घेतो. आत्म्याच्या फळातला सहावा गुण नेकनूरच्या बाजारात याच रूपाने दिसू शकतो. त्या माणसाने त्या दिवशी उपासनेत कोणते गीत म्हटले होते किंवा दानपेटीत किती टाकले होते, हे घेणाऱ्याला कधीच कळणार नाही. बैल बसतो हे त्याला कळलेले असेल, आणि तेवढ्यावर तो आपले पेरणीचे नियोजन करील.

जुन्या करारातल्या संदेष्ट्यांमध्ये हा विषय सर्वांत रोखठोकपणे मांडणारा आमोस स्वतः गुराखी होता आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखून पोट भरत होता, हे बालाघाटातल्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. शब्बाथ, म्हणजे देवाने विश्रांतीसाठी नेमलेला दिवस, केव्हा एकदा संपतो आणि धान्याची दुकाने उघडून लहान मापाने माल आणि खोट्या तागडीने पैसा मोजता येतो याची वाट पाहणाऱ्या लोकांवर आमोसाने आठव्या अध्यायात आसूड ओढला आहे. ते लोक शब्बाथ मोडत नव्हते. ते उपासनेला बसलेले होते आणि बसल्या बसल्या मनात माप हलके करीत होते. रविवारी बाजार करावा की करू नये यावर आपल्या मंडळ्यांत जुना वाद आहे आणि काही घरे आजही रविवारचा बाजार टाळतात, त्यांच्या निष्ठेबद्दल आदरच असला पाहिजे. तथापि ज्या माणसाला सहा दिवस दुसऱ्याच्या शेतात राबून सातव्या दिवशीच मीठ-मिरची, शेळीचे पिल्लू किंवा बैलजोडी घेण्याची सवड मिळते, त्याला बाजारात जाऊ नको असे सांगण्यापेक्षा तेथे कसे वागावे हे सांगणे पाळकाच्या कामाला अधिक शोभते, असे या पत्राचे मत आहे.

हा केवळ विचाराचा प्रश्न नाही, कारण चांगुलपणा व्यवहारात उतरवल्याचा एक मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. मांजरसुंब्याहून पाटोदामार्गे गेलेला रस्ता जामखेडला पोहोचतो. जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात असला, तरी त्याची शीव बीडच्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून आहे आणि तिथले पाणी, दुष्काळ व माणसे बीडचीच म्हणावीत अशी आहेत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास अमेरिकेत केला आणि १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीचा दवाखाना गुरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होता. पुढे या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो १९७९ साली आणि डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळाले ते १९९० साली, परंतु येथे महत्त्वाचे आहे ते पुरस्कारांच्या आधीचे.

दवाखाना थाटून रोग्यांची वाट पाहत बसले असते, तरी ते चांगले डॉक्टर म्हणून गणले गेले असते. वडाळ्याच्या अनुभवातून त्यांना एक गोष्ट उमगली होती, की तेच मूल त्याच जुलाबाने पुन्हा पुन्हा दवाखान्यात येते, कारण ज्या घरात, ज्या पाण्यावर आणि ज्या उपासमारीत तो आजार जन्मतो तेथे दवाखाना पोहोचतच नाही. म्हणून त्यांनी खेड्यांत परिचारिका पाठवण्याची योजना आखली आणि ती फसली, कारण शिकलेल्या परिचारिकांना परक्या खेड्यात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावकऱ्यांना त्या परक्या वाटत. हे अपयश त्यांनी झाकले नाही. त्यातूनच गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल, आणि तिला आरोग्यसेविका म्हणून तयार करायचे हा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्यांत दलित बाया होत्या, नवऱ्याने टाकलेल्या आणि विधवा होत्या, म्हणजे गावाच्या पंगतीत ज्यांना शेवटी वाढले जाते अशा होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, बाळंतपणात नाळ कापण्याचे पाते का उकळायचे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, मुलाचा दंड मापून ते वाळत चालले आहे हे कसे ओळखायचे, हे शिकत आणि आपल्या गावी परतून घरोघर सांगत.

या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट वैद्यकीय नव्हती. वेगवेगळ्या जातींच्या या बाया आरंभी एकमेकींच्या हातचे खायला आणि एकमेकींशेजारी निजायला राजी नव्हत्या. तेव्हा रात्री सगळ्यांनी एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचे अशी व्यवस्था केली गेली. हे पांघरूण डोळ्यांसमोर आणून पाहावे. ते एका बाजूने ओढले, तर दुसऱ्या बाजूची बाई उघडी पडते, आणि थंडीच्या रात्री ते पुरवून घेण्यासाठी जवळ सरकण्यावाचून गत्यंतर नसते. समतेवरचे व्याख्यान ऐकून जे झाले नसते ते काही मुक्कामांत अंगवळणी पडले. असेच पाण्याचे: १९७२ च्या दुष्काळाच्या काळात गावोगाव विंधनविहिरी घेतल्या गेल्या तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्यावर आरोळे दांपत्याने भर दिला, ज्यामुळे ज्यांच्या आडावर दलितांना पोहरा सोडू दिला जात नव्हता त्यांनाच पाण्यासाठी त्या वस्तीत येणे भाग पडले. यात कोणाचा सूड घेण्याची भावना नव्हती, आणि कोणाला खूश ठेवण्याचीही नव्हती. गावातल्या वजनदार लोकांचा वाईटपणा घेऊन केलेले हे भले होते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती; १९७६ साली हा आकडा ५२ वर आला होता. हे मुख्यतः अक्षरशत्रू बायांच्या हातून घडले, आणि त्या सर्व धर्मांच्या व जातींच्या होत्या.

शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, कारण चांगुलपणाबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांवर येणारा सर्वांत जुना आक्षेप हा आहे, की त्यामागे धर्मांतराचा हेतू असतो. आपला इतिहास या बाबतीत मिश्र आहे हे मान्य करावे लागते. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगरच्या बाजूला मंडळ्यांची संख्या भराभर वाढली, आणि धान्य घेणाऱ्याच्या मनातली भूक आणि श्रद्धा वेगवेगळी तोलून पाहण्याचे साधन तेव्हाही कोणाजवळ नव्हते. त्याच इतिहासात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे नारायण शेषाद्री आहेत, ज्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठवाड्यात येऊन नवख्रिस्ती लोकांना जमीन आणि स्वतःच्या कष्टाची भाकरी मिळावी म्हणून आयुष्य वेचले. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत आणि गुजरातेतून उपाशी मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणणाऱ्या पंडिता रमाबाईही आहेत. ज्या चांगुलपणाच्या मोबदल्यात समोरच्याकडून काही हवे असते, मग ते त्याचे नाव असो, मत असो वा बाप्तिस्मा असो, तो रुमालाखालचा सौदा ठरतो. जामखेडच्या आरोग्यसेविकेला तू कोणत्या देवाला मानतेस असे विचारून काम दिले गेले नाही, आणि त्यामुळे आरोळे दांपत्याच्या ख्रिस्तनिष्ठेला काही उणेपणा आला असेही कोणी म्हणू शकणार नाही.

आता बीड जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या व्यवहाराकडे वळणे प्राप्त आहे, आणि तो व्यवहार बैलांचा नसून माणसांचा आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कारखान्याकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून कोयत्याला हंगामाआधी जी रक्कम मिळते तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटेपर्यंत त्या जोडीला फडातून हलता येत नाही. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरला जातो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडही कापला जातो. पाळीच्या, गरोदरपणाच्या किंवा पोटदुखीच्या दिवशी खाडा परवडत नाही म्हणून बायांनी गर्भाशयच काढून टाकावे इथपर्यंत ही गोष्ट गेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले, म्हणजे जवळजवळ दर सहा बायांमागे एकीचे.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेते कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचली आहे असे सांगितले आहे. बीडच्या मंडळीत हे वचन वाचताना ते कोणत्या परदेशातल्या, कोणत्या काळातल्या कापणीबद्दल आहे असे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आणि त्यांना नेणाऱ्यांत, टोळीची गाडी चालवणाऱ्यांत, उचलीसाठी जामीन राहणाऱ्यांत, गावातल्या दुकानातून उधारीवर बाजरी देणाऱ्यांत आणि त्या बायांच्या हातात शस्त्रक्रियेची चिठ्ठी ठेवणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असू शकतात, आणि त्यात एकही ख्रिस्ती असला तर त्याच्या रविवारचा आणि त्याच्या हंगामाचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागेल. उचलीचा कागद वाचून न दाखवता त्यावर अंगठा घेणे, खाडा धरताना बाळंतिणीलाही न सोडणे, या गोष्टी बाजाराच्या रीतीत बसतात, जशी बैलाची खोड न सांगणेही बसते. चांगुलपणाची सुरुवात रीतीत बसणाऱ्या गोष्टी आपण होऊन न करण्यापासून होते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला एक तपशील या ठिकाणी उपयोगी पडतो. वाटमारी झालेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून तो शोमरोनी थांबला नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे मजुराच्या साधारण दोन दिवसांच्या कमाईइतके पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असा वायदा केला. त्याच्या दयेला हिशेब होता आणि परतीचा शब्द होता. पोट दुखते म्हणून खाजगी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या शेजारणीसाठी प्रार्थना करणे चांगलेच आहे, पण तिचा एक दिवस वाया जाऊ न देता, तिच्याबरोबर एसटीने जाऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, तपासणीचे कागद पिशवीत नीट घालून तिच्या घरी पोहोचवणे आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस करणे, हा त्या दाखल्याचा आजचा अर्थ आहे. फडावर जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर टाकून जावे लागू नये म्हणून त्याला सहा महिने आपल्या ताटाशी बसवणे, त्याची शाळा सुटू न देणे, हाही त्याच जातीचा चांगुलपणा आहे आणि तो करायला संस्थेची नोंदणी लागत नाही.

एक विषय असा आहे, की ज्यावर मंडळ्यांत उघडपणे बोलले जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. हा आदेश १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी विस्तारला गेला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांसाठी मात्र नाही, जरी रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती. याचा परिणाम असा होतो, की एकच तरुण शाळेच्या दाखल्यावर एका धर्माचा आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसऱ्या धर्माचा असतो, आणि सत्य बोलावे असे ज्याला लहानपणापासून शिकवले त्याला शिष्यवृत्तीच्या अर्जापाशी येऊन गप्प राहावे लागते. या तरुणाला खोटारडा म्हणून बोट दाखवणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही, कारण जातीची अवहेलना त्याला धर्म पाहून सोडत नाही. त्याला एकटे टाकणे हेही चांगुलपणाचे नाही. पाळकांनी आणि पंचांनी हा पेच त्याच्याबरोबर बसून ऐकावा, खरे लिहिल्यास काय गमवावे लागेल याचा आकडा मांडावा, आणि खरे लिहिण्याचे धैर्य एखाद्याने दाखवले तर त्याच्या फीचा भार मंडळीने उचलावा. मंडळीने तो भार उचलण्याची तयारी ठेवल्यावाचून व्यासपीठावरून सत्याचा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे होय.

जातीबद्दल बोलताना मंडळीने बाहेर बोट दाखवण्यापूर्वी आपल्या सोयरिकी पाहाव्यात. २०२५ च्या आरंभी बीड जिल्ह्यात जातीय तणाव इतका वाढला होता, की पोलीस दलाने आपल्या लोकांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढून केवळ नावे ठेवली. आपल्या ख्रिस्ती परंपरेत मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपला सोवळ्याओवळ्याचा आग्रह कसा गळून पडला हे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण जात त्यांनी त्याआधी, स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी सोडली. आज, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, मुलगी दाखवताना ‘ते पूर्वीचे कोण’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांतही विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा मंडळीतले जुने, प्रतिष्ठित, पहिल्या बाकावर बसणारे लोक असतात. त्यांच्यासमोर हा विषय काढणे म्हणजे वाईटपणा घेणे आहे, हे प्रत्येक पाळकाला माहीत आहे.

बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर पाणी न देता, खत न घालता सीताफळाची झाडे उगवतात आणि त्या फळाला २०१६ साली बीडचे सीताफळ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ तोडणीला आले की त्याच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळसर दिसू लागतात, याला ‘डोळे उघडले’ असे म्हणतात. असे डोळे उघडलेले फळ तोडून पाटीत घातले, की दोन-तीन दिवसांत पिकते, आणि डोळे न उघडता तोडलेले फळ तसेच काळे पडून जाते. सीताफळाचे डोळे उघडण्याचे दिवस आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे दिवस जवळपास एकच असतात, म्हणून या पत्राची विनंती त्याच दिवसांशी जोडलेली आहे.

प्रत्येक मंडळीत बाप्तिस्म्याची, लग्नांची आणि पुरलेल्यांची अशा तीन नोंदवह्या असतात. त्यांच्या जोडीला एक चौथी वही ठेवावी, तिच्यात मंडळीतले आणि मंडळीच्या शेजारचे, धर्म न विचारता, कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याला निघाले आहे, उचल किती घेतली आहे, कागद त्यांना कोणी वाचून दाखवला आहे का, मागे कोणती मुले राहिली आहेत आणि ती कोणाच्या ताटाशी जेवणार आहेत, घरातल्या कोणत्या बाईला दुखणे आहे आणि तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार आहे, एवढे लिहावे, आणि चैत्रात टोळ्या परतल्यावर त्याच पानांवर पुढचे लिहावे. ही माहिती कुटुंबाच्या संमतीने घ्यावी आणि पंचांच्या बाहेर जाऊ देऊ नये. या वहीचे पहिले पान येत्या दसऱ्याआधीच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर आणि बाजार भरात येण्यापूर्वी, लिहून होण्यासारखे आहे.



नेकनूर, ता. जि. बीड